जाऊन राहिलो

तागा उलगडावा तर त्यांनीच. पोपलीनचा असो की लाँगक्लॉथचा, ते तो मांडीजवळ घेत, एक टोक अंगठ्याखाली दाबून धरत आणि बाकीचा असा भिरकावत की कापड गादीभर नागमोडी पसरत जाई. गिऱ्हाईक पोत बघायला हात पुढे करी, तर हे मध्येच बोट आणत. "थांबा, थांबा. आधी हा मोड पाहून घ्या. इथून चढ लागते. अन् हा इथं, हा पाहा, इथं गाडी दुसऱ्या गेअरवर!"

गिऱ्हाईक बिचारं परकराचं कापड घ्यायला आलेलं असे.

तुमच्यापैकी कोणी सन सत्तरच्या आसपास नागपूरच्या सीताबर्डीवर कापड घेतलं असेल, तर तुम्हीही हा घाट पाहिला असेल. दुकान कोणतं ते सांगत नाही. त्याच जागी त्यांचा मुलगा अजून बसतो आणि त्याला हे लिहिलेलं आवडायचं नाही. त्यांचंही नाव राहू दे. आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत त्यांना सगळे 'टूरवाले' म्हणत. हे नाव गल्लीनं कौतुकानं ठेवलं नव्हतं, कारण टूरवाले कधी कुठे गेलेच नव्हते.

मी मूळची वाईची. लग्न होऊन नागपूरला आले आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. आमच्या आणि टूरवाल्यांच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत होती. मी आले त्याच आठवड्यात ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर शिंप्याचा निळा खडू. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न.

"वैनी, तुमच्या तिकडं मोड किती येतात?"

मला वाटलं, कडधान्याबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, "मटकीला चांगले येतात. हरभऱ्याला जरा वेळ लागतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "वळण म्हणून राहिले ते बाई, वळण! घाटातलं." अशी आमची ओळख झाली. मी त्यांना भाऊजी म्हणू लागले आणि त्यांच्या पत्नीला ताई.

वाईची म्हणजे पसरणीच्या घाटाच्या पायथ्याची, एवढं त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यातून भूगोलाची मास्तरीण. त्यांच्या लेखी मी म्हणजे चालताबोलता घाटच. आता मला गाडी लागते. इतकी लागते की लहानपणापासून पसरणीचा घाट मी डोळे घट्ट मिटून आणि नाकाशी लिंबू धरूनच चढले-उतरले आहे. हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. त्यांनी ते साफ नाकारलं. "असं कसं वैनी? घाटात कोणी डोळे मिटते काय? आमी इथं डोळे फाडून बसलो, तं आमच्यापुढं मैदान!"

त्यात खोटं काही नव्हतं. नागपूरहून कुठल्याही बाजूला निघा, रस्ता आपला सरळ. भाऊजींची सासुरवाडी मौद्याला. वर्षातून चार-दोनदा, दुकान बंद झाल्यावर, रात्रीपुरतं तिकडे जाणं होई, आणि तो रस्ता म्हणजे गजानं आखलेली रेघ. परत आले की ते हमखास सांगत, "वैनी, हँडल हलवाचं काम नाई. झोपला तरी माणूस मौद्याले पोचते."

फटफटी त्यांनी कामठीच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून जुनी घेतली होती. हिरवा रंग जागोजागी उडालेला, आवाज तोफेसारखा. वडिलांना सांगताना कारण दिलं होतं गावोगावच्या व्यापाऱ्यांकडे माल पोचवण्याचं. खरं कारण अंगणात रोज सकाळी दिसे. दुकानात जायच्या आधी ते तिला फडक्यानं पुसत, किक मारत, आणि ती सुरू झाली की नुसते वर बसून राहत. गाडी जागच्या जागी धडधडतेय आणि हे समोरच्या कडुलिंबाकडे बघताहेत. कोणी विचारलंच, "काय भाऊ, कुठं?" तर उत्तर ठरलेलं.

"चिखलदऱ्याले. जाऊन राहिलो ना!"

हे 'जाऊन राहिलो' मला फार दिवस पचलं नाही. इकडे त्याचा अर्थ, मी आता जातो आहे, निघालोच आहे. वाईच्या कानाला मात्र त्यातलं 'राहिलो' तेवढंच ऐकू येतं. आमच्याकडे राहिलो म्हणजे राहिलोच. एकदा मी चेष्टेनं म्हटलंही, "भाऊजी, आधी काय ते ठरवा. जायचंय की राहायचंय?" ते मोठ्यांदा हसले. मग गाडी बंद केली, खाली उतरले आणि सायकलवर टांग टाकून दुकानात गेले. दुकानात ते सायकलनंच जात. फटफटी टूरसाठी होती.

घोडं कुठे पेंड खात होतं, ते दुकानात गेल्याशिवाय कळत नसे.

दुकान त्यांच्या आजोबांनी काढलेलं. आत शिरलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, वर पांढरी स्वच्छ चादर, मागे लोड. वडील, म्हणजे बाबाजी, म्हातारे झाल्यावर कोपऱ्यातल्या बाकावर बसत आणि गादीवर भाऊजी. त्या घराण्याचा एक नियम होता. दुकानाच्या फळ्या उघड्या असताना गादीवर माणूस पाहिजेच. गादीची ऊब गेली की लक्ष्मी उठून जाते, असं आजोबांनी सांगितलं होतं म्हणे. भाऊजींना पाणी प्यायला उठायचं झालं तरी आधी बाबाजींना हाक मारावी लागे. म्हातारा काठी टेकत येई. एक उठतो न उठतो तोच दुसरा तिथे सरके. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तशात बाबाजींचं पालुपद चालू असे.

"गादी थंडी नाही होऊ द्याची, समजलं काय?"

"समजलं बाबाजी."

"काय समजलं?"

"थंडी नाही होऊ द्याची."

हा पाठ रोजचा. शाळेत मी पाढे घेत असे, पण इतके रोज नाही.

भाऊजींना एक धाकटा भाऊ होता. तो हुशार निघाला. भिलाईच्या कारखान्यात चिकटला आणि दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येण्यापुरता उरला. आठवड्याची सुट्टी असे, पण त्या दिवशी बाबाजी भाऊजींना समोर बसवून सगळे तागे काढायला आणि पुन्हा लावायला लावत. सणासुदीला दुकान बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता, कापड सणालाच खपतं. लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, पण म्हणून गादी सोडायची? तेव्हा तर लक्ष्मी आधीच उठायच्या बेतात असते! मी एकदा वैतागून म्हटलं, "चार दिवस सोडा की हो ते दुकान!"

ते भिंतीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "म्या पकडलं असतं तं सोडलं असतं ना वैनी. मले त्यानं पकडून ठेवलं हाय. मी त्या गादीले शिवलेला हावो. बखियाची शिलाई हाय, उसवत नाई."

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. कारण तशी शिवण मी ओळखते. माझं माहेर राज्याच्या त्या टोकाला आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेही घरचं सगळं सुरळीत असलं तर. ज्याला जाता येत नाही त्याला दुसरा जाता न येणारा लगेच कळतो.

पण माणूस अजब. गादीवर बसूनच त्यानं सगळा बेत आखायला घेतला. बेत म्हणजे काय, तर कानावरचा निळा खडू काढायचा आणि गादीच्या पांढऱ्या चादरीवर रस्ता काढायचा. हे नागपूर. हे सावनेर. हे सौंसर. इथून पुढे डोंगर. मग छिंदवाडा, तामिया, पचमढी. गिऱ्हाईक नसलं की एक वळण वाढे. बाबाजींना दिसायला कमी आलं होतं, तरी ते जवळ आले की हे मांडी पसरून पचमढी झाकत. एकदा झाकायला उशीर झाला. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून विचारलं, "हे काय हाय बे?"

"सळ हाय बाबाजी, चादरीची."

"मंग काढ ना ते!" म्हणत बाबाजींनी स्वतःच वाकून तळहातानं तो घाट दोन-तीनदा पुसून सपाट केला. मी तेव्हा शाळेच्या नाटकासाठी कापड घ्यायला तिथेच बसले होते. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू परत कानावर ठेवला.

शिवाय आठवड्याच्या आठवड्याला चादर धोब्याकडे जाई. संध्याकाळी भिंतीपाशी येऊन ते बातमी देत, "वैनी, धोब्यानं आज पचमढी धुतली." दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर, पुन्हा सावनेर. दर वेळी रस्ता थोडा आणखी लांब. सुरुवातीला चिखलदरा होतं. तिथे कोणी पटकन जाऊनही आलं असतं. मग पचमढी आली. पुढे पुढे ते महाबळेश्वरपर्यंत पोचले, पसरणीच्या घाटानं, माझ्या माहेरावरून. मी म्हटलं, "अहो, चिखलदरा जवळ आहे, तिथे तरी जाऊन या." तर म्हणाले, "जाचंच हाय, तं मंग एवढं जवळ काहून जाव?" जसजसं जाणं अवघड होत गेलं, तसतशी त्यांची टूर लांबत गेली. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे सगळं तेल नमनातच चाललं होतं.

पण तयारी पक्की. सपाट गावात घाटाचा सराव करायचा तर सेमिनरी हिल्सचा चढ तेवढा एक. सुट्टीच्या दिवशी, बाबाजी उठायच्या आत, ते फटफटी घेऊन तिकडे जात. मागे ताईंच्या ऐवजी तांदळाचं अर्धं पोतं बांधलेलं. वजन सारखं हवं ना! एका सकाळी ते परत आले ते चेहरा पाडून. मला भिंतीपाशी बोलावून हळूच म्हणाले, "वैनी, हिले सांगू नका. ही मोडावर पडली."

"कोण पडली?"

"ही! म्हंजे पोतं. फुटलं. सारे तांदूळ रस्त्यावर. फिरायले आलेले लोक हासून राहिले."

ताई मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता तांदळावरून महाभारत होणार. ताई अबोल बाई, अंगानं बारीक, कपाळावर मोठं कुंकू. नवऱ्याच्या या खुळाबद्दल मी त्यांच्या तोंडून चकार शब्द ऐकला नव्हता. त्यामुळे मला, आणि सगळ्या गल्लीला वाटे, की त्यांना हे मुळीच आवडत नसणार. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "पोत्याले काय समजते मोड? मोडावर आंग टाकावं लागते. पुढच्या खेपेले मी येते."

त्या दिवसापासून पोतं घरी राहिलं.

आणि ज्या आठवड्यात हिल्सवर जाणं जमत नसे, त्या आठवड्यात सराव अंगणात होई. फटफटी स्टँडवर उभी. पुढे भाऊजी, मागे एका बाजूला पाय सोडून ताई, हात त्यांच्या खांद्यावर. भाऊजी म्हणत, "डावा!" की दोघं डावीकडे झुकत. "उजवा!" की उजवीकडे. "आता लंबा मोड, धर, धर, धर… हां, सोड!" गाडी जागची हलत नाही आणि ही दोन चाळिशीची माणसं कडुलिंबाखाली डोलताहेत. रस्त्यानं जाणारे फाटकापाशी थांबून हसत. मीही पहिल्या दिवशी हसले. मग एकदा ताईंचा चेहरा पाहिला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे लांब कुठेतरी, आणि अंग असं सावध की पुढच्याच वळणावर खरोखर दरी आहे. मी धुणं न वाळत घालता बादली घेऊन घरात आले.

मला तेव्हा कळलं की टूर एकट्या टूरवाल्यांची नव्हती.

पुढे एकदा ताईंनीच तोड काढली. मी त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसले होते, भाऊजी नुकतेच दुकानातून आले होते. ताई म्हणाल्या, "असं करा. मी बसन गादीवर. बाबाजीले मी समजावन. तुमी एकटे जाऊन या."

भाऊजी पायातली चप्पल काढता काढता थांबले. "अन् मागं?"

"मागं पोतं बांधा."

"पोत्याले घाट दाखवू काय वं?" ते एकदम चिडून म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं तेवढंच पाहिलं. "तू मागं नाई, तं मंग मी जाऊन करू काय?"

ताई सुपातल्या तांदळाकडे बघत राहिल्या. झालं, तिढा सुटण्याऐवजी घट्ट झाला. ताई गादीवर बसल्या तर घाट बघायला ताई नाहीत. ताई मागे बसल्या तर गादीवर कोणी नाही, बाबाजींना काही आता दिवसभर बसवत नव्हतं. त्या दोघांना एकाच वेळी त्या घरातून बाहेर पडायला वाटच नव्हती. लोक म्हणत, म्हाताऱ्यानंतर जातील. असं कोणी बोलू नये, पण बोलत. आणि भाऊजींच्या कानावर ते गेलं की ते त्या दिवशी बाबाजींचे पाय जास्त वेळ चेपत बसत.

बाबाजी गेले ते पिकलं पान होऊनच गेले. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, तरी भाऊजी दुपारी घरी आलेले दिसले की त्यांची बोटं चादर चाचपत. भाऊजी त्यांच्या कानाशी वाकून सांगत, "पोरगा बसला हाय बाबाजी. गरम हाय." भाऊजींचा मुलगा तोवर कॉलेज संपवून दुकानात येऊ लागला होता, चुणचुणीत, बोलण्यात वाकबगार. वर्षश्राद्ध झालं आणि मुलानं स्वतःहून सांगितलं, "बाबूजी, तुम्ही दोघं जाऊन या. मी हाय ना."

मग काय विचारता! दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारठा आला होता. बेत पुन्हा आखडून पचमढीवर आला, कारण आता खरंच जायचं होतं. निघायच्या सकाळी आमची अख्खी गल्ली फाटकापाशी. ताईंनी नवी हिरवी इरकली नेसली होती आणि वरून नवऱ्याचा लोकरी कोट घातला होता. कोणाला त्याचं हसू आलं नाही. मी दोघांच्या हातावर दही घातलं, ताईंच्या ओटीत दोन लिंबं टाकली. भाऊजींनी किक मारली. ती तोफ धडधडू लागली.

"जाऊन राहिलो वैनी!"

"जाऊन या," मी म्हटलं. कोपऱ्यावर वळताना त्यांनी हाक दिली, "डावा!" आणि दोघंही डावीकडे झुकून दिसेनासे झाले.

त्याच दिवशी, तिन्हीसांजेला, मी दिवा लावत होते आणि तो आवाज ऐकू आला.

मला आधी वाटलं, अपघात. धावत बाहेर गेले. गाडी धड, माणसं धड. भाऊजी माझ्याकडे न बघता आत गेले. ताईंनी कोट काढून दोरीवर टाकला, ओटीतली लिंबं भिंतीवर ठेवली. म्हणाल्या, "लागलेच नाईत बाई." आणि त्याही आत गेल्या.

काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सौंसरच्या पुढे दोघं चहाला थांबली होती. तिथून डोंगर दिसत होता. "निळा, बाई. खरंच निळा राहते." ताई चहा विसरून बघत होत्या. रस्ता त्यात शिरताना दिसत होता, पहिलं वळणही. भाऊजी मात्र डोंगराकडे न बघता हातातल्या बशीकडे बघत होते. मग म्हणाले, "आता पोरगा जेवाले उठला असंल." थोड्या वेळानं म्हणाले, "फळ्या तं उघड्याच ठेवते तो." ते उठले, चहावाल्याला पैसे दिले, आणि फटफटीचं तोंड नागपूरकडे केलं.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणू? हात थंडे पडले होते त्याईचे."

मला त्या माणसाचा संताप आला. बाबाजी गेले होते, पोरगा कर्ता झाला होता, गाडीत पेट्रोल होतं, मागे बायको होती, समोर घाट. दार सताड उघडं, आणि हा आतून कडी घालतो! मनात आलं की भिंत ओलांडून जावं आणि गदागदा हलवून विचारावं. पण संध्याकाळी तेच भिंतीपाशी आले. कानावर खडू नव्हता.

"वैनी, परत आल्यावर मी सिद्धा दुकानात गेलो," ते म्हणाले. "पोरगा बसला होता. त्याले म्हटलं, उठ जरासा. अन् मी गादीवर हात ठेवून पाह्यला."

"मग?"

"गरम होती."

एवढंच बोलून ते भिंतीवरचं शेवाळ नखानं काढत बसले. ती थंड झालेली असती तर बरं, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतर टूरचं बोलणं बंद झालं. दुकानात मी कधी गेले तर तागा ते गुपचूप उलगडत आणि गजानं मोजून देत. काही वर्षांत मुलानं तयार कपड्यांचं दुकान केलं. काचेचा काउंटर आला, गोल फिरणारी खुर्ची आली, गादी निघाली. तिचं काय करायचं ते कोणाला सुचेना. भाऊजी तिची गुंडाळी रिक्षात घालून घरी घेऊन आले. त्यातला कापूस पिंजून घेतला आणि ओळखीच्या माणसाकडून फटफटीला नवी बैठक करून आणली, चांगली रुंद, दोघांची, वर काळं रेक्झिन. फटफटी तोवर सुरू होण्याच्या पलीकडे गेली होती. चाकांतली हवा गेली होती. पण सकाळी ते तिला पुसत आणि चहाचा कप घेऊन वर बसत. मी भिंतीवरून बघितलं की म्हणत, "गादी थंडी नाही होऊ द्याची वैनी." आणि हसत. आता ते स्वतःलाच हसत होते.

मी मे महिन्यात वाईला गेले असताना ते गेले. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपलं. आमच्या ह्यांनी मला स्टेशनावरच सांगितलं. घरी आले, पिशव्या टाकल्या आणि ताईंना भेटून आले. तेव्हा माणसं बसली होती, काही बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंगणात आले. सवयीनं भिंतीपलीकडे बघितलं. फटफटी कडुलिंबाखाली होती, आणि तिच्यावर ताई बसल्या होत्या. पुढे नाही. मागे, आपल्या जागेवर, पाय एका बाजूला सोडून. पुढच्या रिकाम्या बैठकीवर त्यांनी उजवा हात पालथा ठेवला होता.

मी फाटकातून आत गेले. मला बघून त्या उतरल्या नाहीत.

"सकाळी थोडा वेळ बसते," त्या म्हणाल्या, "थंडी नाही होऊ द्याची म्हणत ना ते." मग हात उचलून पदरात घेतला. "तुमी बसता काय बाई समोर?"

मी साडी आवरून पुढे बसले. फटफटीवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. हँडल गार होतं आणि गंजानं खरखरीत. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या पसरणीचा सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी तं आत्ताच येऊन राहिल्या तिकडून."

मी डोळे मिटले. मला तो घाट तसाच येतो. वाई सोडली की थोडं सरळ, मग चढाला गाडीचा आवाज जड होतो, मग पहिलं वळण पोटात जाणवतं. कुठल्या वळणावर अंग खिडकीकडे जातं आणि कुठल्या वळणावर आईच्या मांडीवर, ते मला पाठ आहे. मी म्हटलं, "डावा." माझ्या खांद्यावरचा हात डावीकडे झुकला. मी म्हटलं, "आता उजवा, मोठा आहे, धरा, धरा." पाठीमागे ताईंचं अंग उजवीकडे गेलं, सावकाश, बरोबर जिथवर जायला हवं तिथवर, आणि वळण संपल्यावर सरळ झालं. इतक्या वर्षांचा सराव, एकही चुकलं नाही. मला रडू येत होतं आणि रडले असते तर वळण चुकलं असतं, म्हणून मी सांगत राहिले. डावा. उजवा. पुन्हा उजवा. इथे गाडी दुसऱ्या गेअरवर. इथे वारा बदलतो. आणि आता आलंच वर.

"वर आलो?"

"आलो."

"खाली काय दिसते?"

मी कधीच पाहिलं नव्हतं, पण वाईच्या पोरीला ते ऐकून ठाऊक असतं. "नदी दिसते," मी म्हटलं. "शेतं. देवळांची शिखरं. सगळं लहान लहान."

ताईंनी माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "तिथून दुकान दिसते काय?"

"नाही ताई."

"मंग थांबू जरा," त्या म्हणाल्या.

आम्ही थांबलो.